दम आणि आवाज : एका महाविद्यालयीन कबड्डी संघाच्या हंगामातील ध्वनिविचार

कबड्डीच्या नियमपुस्तिकेत एक व्याख्या अशी आहे की, तिचा खरा अधिकारी शारीरिक शिक्षणाचा संचालक नसून ध्वनिशास्त्राचा अध्यापक आहे असे म्हणावयास हरकत नाही. ही व्याख्या 'दमा'ची होय. 'कबड्डी' हा मान्य शब्द एकाच श्वासात, खंड न पडू देता, स्पष्टपणे व मोठ्याने पुनःपुन्हा उच्चारणे म्हणजे दम, असा तिचा आशय आहे. श्वास, अखंडता, स्पष्टता, उच्चरव आणि शब्दाची मान्यता अशा पाच अटी या एका वाक्यात एकवटल्या आहेत. त्यांपैकी पहिली शरीराची, मधल्या तीन ध्वनीच्या आणि शेवटची भाषेची. या पाचही अटी एकाच वेळी पाळल्या गेल्या की नाही, हे ठरविण्याचे काम मात्र पंचाच्या दोन कानांवर सोपविलेले आहे.

या व्याख्येकडे प्रस्तुत लेखकाचे लक्ष वेधले जाण्यास एक प्रसंग कारण झाला. नगर जिल्ह्यातील (२०२४ पासून अहिल्यानगर) प्रवरेच्या खोऱ्यातील एका लहान महाविद्यालयाच्या कबड्डी संघाबरोबर एक संपूर्ण हंगाम घालविण्याची संधी आम्हांस मिळाली. हेतू क्रीडाविषयक शब्दसंग्रह करण्याचा होता. ज्यांना पुणे विद्यापीठाच्या क्रीडाव्यवस्थेची कल्पना नाही, अशांसाठी थोडे सांगितले पाहिजे. जूनमध्ये महाविद्यालये उघडतात. पावसाने मैदान चिखलाचे असते तोवर पळणे, दंडबैठका व दोरीच्या उड्या चालतात. मग उघडीप मिळताच माती भुसभुशीत करून अंगण आखले जाते. प्रथम विभागातील महाविद्यालयांच्या आपापसांतील स्पर्धा, नंतर नगर, नाशिक, पुणे शहर व पुणे जिल्हा या विभागांच्या निवडक संघांच्या आंतरविभागीय स्पर्धा, तेथून विद्यापीठाचा संघ आणि तो संघ पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेस, असा हा जिना आहे. मोठ्या महाविद्यालयांचे खेळाडू त्याच्या वरच्या पायऱ्यांपर्यंत जातात. लहान महाविद्यालयाचा हंगाम बहुधा पहिल्याच पायरीवर, दोन-तीन सामन्यांत संपतो. तीन महिन्यांची पहाटेची मेहनत आणि प्रत्यक्ष खेळ दीड-दोन तासांचा, हे प्रमाण पाहिले म्हणजे एका चढाईला त्या मुलांच्या लेखी केवढे मोल असते ते ध्यानात येईल.

आमच्या संघाचा पहिला सामना सहज जिंकला गेला. दुसऱ्या सामन्याच्या उत्तरार्धात आमचा मुख्य चढाईपटू प्रतिपक्षाच्या अंगणात खोलवर गेला, डाव्या कोपऱ्याला व त्याच्या शेजारच्या गड्याला स्पर्श करून झटापटीतून सुटला आणि मध्यरेषेवर हात टेकवून परत आला. पंचांनी त्यालाच बाद ठरविले. दम तुटला, असा निर्णय होता. म्हणजे मिळावयाचे दोन गुण गेले आणि एक गुण प्रतिपक्षास मिळाला. मुलगा पंचांकडे न जाता आमच्याकडे आला व म्हणाला, "सर, दम होता माझा." पंचांचे म्हणणे एवढेच होते की, आवाज आला नाही. आमचा संघ चार गुणांनी हरला. तो निर्णय उलट लागता तर सामना जिंकला असता, असे आम्ही म्हणणार नाही. पण त्या दोघांच्या वाक्यांतील विरोध मनात घर करून राहिला. दोघेही खरे बोलत असणे शक्य आहे काय? मुलगा श्वासाविषयी बोलत होता, पंच ध्वनीविषयी. नियम मात्र या दोहोंना एकच मानून चालतो.

येथे क्षणभर 'दम' या शब्दाकडे वळू. श्वास या अर्थाचा 'दम' फारसीतून मराठीत आला. दमा, दम लागणे, दम घेणे, दम तोडणे ही त्याचीच प्रजा. संस्कृतात आवर, निग्रह या अर्थाचा 'दम' निराळा. शम-दम या जोडीतला तो हा. दोन्ही शब्द मराठीत एकमेकांच्या इतके जवळ येऊन बसले आहेत की, 'जरा दम धर' म्हणणाऱ्याच्या मनात श्वास असतो की निग्रह, हे त्यालाही सांगता येणार नाही. कबड्डीतला दम तर दोन्ही अर्थांनी दम आहे. खेळाडू श्वास धरतो व स्वतःला आवरतो.

आता प्रश्न असा की, श्वास घेतला नाही याचा पुरावा म्हणून शब्दच का निवडला गेला? याचे उत्तर उच्चारणाच्या यंत्रणेत आहे. आपले नेहमीचे बोलणे हे बाहेर जाणाऱ्या हवेवर चालते. फुप्फुसांतील हवा स्वरतंतूंना कंप देत वर येते व मुखात तिला आकार मिळतो. श्वास आत घेताना बोलणे सामान्यतः थांबते. म्हणून जोवर अखंड बोलणे ऐकू येते आहे तोवर मनुष्य श्वास सोडीतच आहे, असे अनुमान काढता येते. खेड्यापाड्यांतील मुलांनी कोणत्याही उपकरणावाचून श्वास मोजण्याची ही युक्ती शोधून काढली, याचे कौतुक केले पाहिजे. प्रतिपक्षाने आपल्या डोळ्यांनी छातीची हालचाल पाहावी अशी अपेक्षा करणे व्यर्थ होते. कान मात्र कोणालाही देता येत होता.

हे अनुमान बिनचूक मात्र नाही. आत जाणाऱ्या हवेवरही बोलता येते. स्वीडिश व नॉर्वेजियन लोक होकार देताना 'होय' या अर्थाचा शब्द पुष्कळदा श्वास आत घेत उच्चारतात. आपल्याकडे हुंदके देत बोलणाऱ्या मुलाचे काही शब्द असेच आतल्या हवेवर निघतात. हळहळ व्यक्त करताना आपण 'च्‌च्‌' असा जो आवाज काढतो त्याला तर फुप्फुसांतील हवा लागतच नाही. तो आवाज काढता काढता नाकाने खुशाल श्वास घेता येतो. म्हणजे दमाचा शब्द 'च्‌च्‌' असता तर खेळच उरला नसता. आतल्या हवेवरचा घोष बहुधा चिरका, खरखरीत व वरच्या पट्टीतला असतो. अनुभवी पंच ज्याला 'आवाज फाटला' म्हणतात ते हेच, असे अनेकांशी बोलल्यावर आमच्या लक्षात आले. ध्वनिशास्त्राच्या प्रयोगशाळेत ज्यासाठी विद्यार्थ्यास कित्येक आठवडे कान तयार करावा लागतो, ते काम हे लोक मैदानावर गोंगाटात करीत असतात.

दमाचे शब्द प्रदेशपरत्वे भिन्न होते आणि त्यांचीच नावे खेळास मिळाली. महाराष्ट्रात हुतुतू, बंगालमध्ये हाडुडू, आंध्र-तमिळ प्रदेशांत चेडुगुडु व सडुगुडु, पंजाबात कौडी. ही नावे शेजारी मांडली म्हणजे त्यांतील कुळसाम्य लपत नाही. बहुतेक अक्षरे स्वरान्त आहेत. जोडाक्षरांचा गुंता नाही. जिभेचे टोक लावून होणारे त किंवा ड हे स्पर्शवर्ण पुनःपुन्हा येतात. आणि 'उ' या स्वराकडे ओढा आहे. 'कबड्डी' शब्दाची व्युत्पत्ती तमिळ 'कै-पिडि' (हात धर) अशी सांगण्याची चाल आहे. ती आकर्षक आहे खरी, परंतु 'ड' द्वित्त कसा झाला याचे समाधान तीत मिळत नाही. शिवाय हुतुतू किंवा हाडुडू यांना कोणता अर्थ चिकटवावयाचा? आमच्या मते हे शब्द अर्थासाठी घडलेलेच नाहीत. ते जिभेसाठी घडले आहेत. ज्याला अर्थ आहे असा शब्द साठ वेळा म्हटला तरी त्याचा अर्थ उडून जातो; मग ज्याला मुळातच अर्थ नको तो शब्द जिभेच्या सोयीने का घडू नये?

संतांच्या खेळियांवरील अभंगांत येते ते नाव 'हुतुतू'. मग महाराष्ट्राच्या मैदानावरून ते का गेले? याचे एक कारण संघटनेचे आहे. १९२३ मध्ये बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने नियम बांधून स्पर्धा भरविल्या; १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी खेळाचे प्रात्यक्षिक केले; १९५० मध्ये अखिल भारतीय महासंघ निघाला, आणि सर्व प्रांतांसाठी एक नाव व एक शब्द ठरणे क्रमप्राप्त झाले. तो 'कबड्डी' ठरला. भाषेच्या प्रमाणीकरणात जे होते तेच येथे झाले. परंतु ध्वनीच्या अंगानेही हा बदल विचार करण्यासारखा आहे. 'हुतुतू'चा आरंभ 'ह'ने होतो, आणि 'ह' म्हणजे स्वरतंतू पुरते न मिटता हवा उधळणारा वर्ण. प्रत्येक आवर्तनात एकदा ही उधळपट्टी होते. उलट 'कबड्डी'त क, ब आणि द्वित्त ड असे तीन अवरोध आहेत. त्या त्या क्षणी मुखाचे द्वार बंद असते व हवा बाहेर पडत नाही. विशेषतः 'ड्ड' उच्चारताना जीभ वर चिकटून राहते तेवढा काळ घोष आत गुरगुरत असतो, पण खर्च होते ती मुखपोकळीत मावेल एवढीच हवा. काटकसरीच्या दृष्टीने 'कबड्डी' हा अधिक चांगला संसारी शब्द आहे. दुसरे असे की, 'उ'चा नाद दबका असतो व गर्दीत लवकर बुडतो. 'अ' आणि 'ई' त्या मानाने दूरवर पोचतात. मान्य शब्द निवडणाऱ्यांनी असा काही हिशेब केला होता, असे मुळीच सुचवावयाचे नाही. परंतु शब्द टिकला यामागे हा गुण असू शकेल.

आता थोडा हिशेब करू. निरोगी तरुणाच्या फुप्फुसांतून एका दीर्घ उच्छ्वासात चार ते पाच लिटर हवा बाहेर टाकता येते. सामान्य घोषयुक्त बोलण्यात दर सेकंदास सुमारे दीडशे मिलिलिटर हवा खर्च होते असे धरल्यास, ही पुंजी अर्ध्या मिनिटास पुरते. स्वस्थ बसून 'आ' हा स्वर लांबविण्यास सांगितले असता प्रौढ पुरुष वीस ते तीस सेकंदांच्या आसपास पोचतो, हे या हिशेबाशी जुळते. आजच्या नियमाप्रमाणे चढाईची कालमर्यादा ३० सेकंदांची आहे. म्हणजे घड्याळाने दिलेली मुदत आणि विश्रांत शरीराची परमावधी या जवळपास एकच आहेत. परंतु चढाईपटू विश्रांत नसतो. तो पळतो, झुकतो, लाथ मारतो, अंगावर पडलेले तीन गडी ओढीत नेतो. स्नायूंतून कार्बन डायऑक्साइड वेगाने रक्तात येत असतो, आणि श्वास घेण्याची अनावर ऊर्मी हवा संपल्यामुळे होण्याऐवजी या वायूच्या साठ्यामुळेच होते. फुप्फुसांत हवा शिल्लक असूनही मनुष्य गुदमरतो. चपळ चढाईत दम अर्ध्याच मुदतीत संपला तर त्यात आश्चर्य नाही. मग जे खेळाडू ३० सेकंदांच्या काठापर्यंत खेळ लांबवितात, त्यांच्या दमाचे काय होते, हा प्रश्न वाचकांनी दूरदर्शनवरील एखादा सामना कान देऊन ऐकून स्वतःच सोडवावा. नियमातून दम गेलेला नाही. व्यवहारात मात्र घड्याळाने त्याची जागा बरीचशी घेतली आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. २०१४ पासूनच्या व्यावसायिक लीगने खेळास पैसा व प्रतिष्ठा दिली हे मान्य करूनही, कानाचा खेळ डोळ्यांचा झाला याची खंत वाटते.

त्या मुलाच्या चढाईकडे परत येऊ. हरल्यानंतरही त्यांचा सराव थांबला नाही, आणि आम्ही त्याचा दम भ्रमणध्वनीवर अनेकदा मुद्रित करून घेतला व 'प्रात' या ॲम्स्टरडॅममध्ये तयार झालेल्या ध्वनिविश्लेषणाच्या साधनावर त्याच्या आकृत्या पाहिल्या. चढाईच्या आरंभी शब्द पुरता असतो : क-बड्-डी. गती वाढली की पहिले अक्षर झिजते. 'क'चा स्वर लोपतो, मग 'क'ही जातो आणि 'बड्डी-बड्डी' उरते. पुढे 'ब'चे ओठ पुरते मिटेनासे होतात व तो 'व'कडे झुकतो. झटापटीत तर 'ड्डी-ड्डी' एवढाच ठोका राहतो, तोही घोष मंदावलेला. यात बेफिकिरी नाही. भाषेच्या इतिहासात शतके लागणारी झीज येथे वीस सेकंदांत घडते, इतकेच. दोन स्वरांमधील ब, व होणे व पुढे त्याचा औ होणे ही भारतीय आर्यभाषांत नित्याची वाट आहे. पंजाबातील 'कौडी' हे नाव याच वाटेने आले असावे असे मानावयास जागा आहे. नियमाच्या भाषेत मात्र 'ड्डी' हा मान्य शब्द नव्हे. म्हणजे पंचांच्या निर्णयाला आधार होता, पण तो 'मान्य शब्द स्पष्ट नाही' या कलमाचा. 'दम तुटला' या कलमाचा नव्हे. पहिल्या दोषास खेळाडूला परत बोलावून प्रतिपक्षास तांत्रिक गुण देतात, दुसऱ्यात तो बाद होतो. संघास हा फरक साधा नव्हता. त्या विशिष्ट चढाईचे मुद्रण आमच्याजवळ नाही, म्हणून त्या दिवशी नेमके काय घडले याबद्दल आम्ही पंचांस दोष देत नाही.

आवाजावर खेळ अवलंबून असण्याचे हे एकमेव उदाहरण नव्हे. आपल्या खो-खोमध्ये 'खो' हा शब्द पाठीमागून, स्पर्शाबरोबरच व मोठ्याने उच्चारावा लागतो. शब्द उच्चारला गेला की बसलेला उठतो आणि पाठलागाचा अधिकार हस्तांतरित होतो. जे. एल. ऑस्टिन यांच्या १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत ज्या वचनांना कृतिरूप म्हटले आहे, त्यांचे वर्गात देण्यास 'खो'पेक्षा सुटसुटीत उदाहरण आम्हांस सापडलेले नाही. अमेरिकन फुटबॉलमध्ये आणखीच निराळा प्रकार आहे. तेथे मुख्य फेकीदार 'हट्‌, हट्‌' अशी तोडून आरोळी देतो. कितव्या 'हट्‌'ला चेंडू निघावयाचा हे स्वपक्षास ठाऊक असते व प्रतिपक्षास नसते. आवाजाच्या चढउताराने फसून प्रतिपक्षाचा गडी वेळेआधी रेषेपलीकडे आला तर त्याच्या संघास पाच यार्डांचा दंड होतो. म्हणजे तेथे आवाज ही हुलकावणी आहे, येथे तो साक्षीदार आहे. परक्या मैदानावर प्रेक्षकांच्या गर्जनेत ती आरोळी ऐकू येईनाशी होते, तेव्हा तेथील महाविद्यालयीन संघ मूक संकेतांचा आश्रय करतात. आमच्या चढाईपटूला ती सोय नाही. २०११ मध्ये घोषित झालेल्या भारतीय लीगच्या निमित्ताने 'पुणे मराठाज' नावाचा संघ निघून हा खेळ आपल्या दाराशी येऊन गेला, पण त्याचे शब्द मराठीत रुजण्याइतका तो टिकला नाही.

शब्दसंग्रहाचे मूळ काम अर्थातच चालू राहिले. त्यातील दोनच गोष्टी येथे नोंदवितो. सामन्याच्या मुख्य अधिकाऱ्यास 'सरपंच' म्हणतात. गावगाड्यातील न्यायाची परिभाषा मैदानावर जशीच्या तशी आली आहे. सगळा प्रतिपक्ष बाद झाला की 'लोण' चढतो. हा शब्द लोणपाट म्हणजे आट्यापाट्यांच्या खेळातील, आणि एखाद्या गोष्टीचे 'लोण पसरले' असे आपण म्हणतो तेव्हाही बहुधा तोच असतो. दुसरी गोष्ट नव्या शब्दांविषयी. मुलांच्या तोंडी आता रेड, टॅकल, सुपर टॅकल हे शब्द सर्रास आहेत. परंतु ती 'रेड मारली' म्हणतात, 'टॅकल झाली' म्हणतात. रेड स्त्रीलिंगी, कारण चढाई स्त्रीलिंगी, आणि टॅकल स्त्रीलिंगी, कारण पकड स्त्रीलिंगी. जुने शब्द मागे हटले तरी आपले लिंग नव्यांच्या गळ्यात बांधून गेले आहेत. सरावात, विशेषतः चिडून ओरडताना, हीच मुले 'पकड, पकड त्याला' असेच म्हणतात.

हंगाम संपल्यानंतर त्या मुलाने आम्हांस विचारले की, या आकृत्यांचा आपल्याला काही उपयोग आहे काय. आम्ही त्याला 'क' सांभाळण्यास सांगितले. 'क'चा स्फोट लहान असला तरी तीक्ष्ण असतो व पंचाच्या कानाला नव्या आवर्तनाची खूण तोच देतो. त्याने गती थोडी कमी करून, दर आवर्तनाला 'क'वर जिभेचे मूळ दाबून म्हणण्याचा सराव सुरू केला. आरंभी त्याचा दम त्यामुळे आखूड झाला व संघातील इतर मुले त्याला हसली. मार्चमध्ये परीक्षेपूर्वीच्या शेवटच्या सरावात आम्ही अंगणाच्या टोकाला, सरपंच उभे राहतात त्याहून बरेच लांब उभे राहिलो होतो. तीन गडी त्याच्या अंगावर असताना ऐकू येत होते ते 'कब्‌डी, कब्‌डी' असे. एक 'ड' अजूनही कमीच होता.